नवा स्पीकर घेण्याआधी: गाणं ऐकताना घरोघरी होणाऱ्या चुका

मागच्या दिवाळीत गोरेगावच्या एका मित्राचा फोन आला. ‘‘अरे, स्पीकर विकून टाकतोय. बेस नावालाही नाही, आणि गाणारा नक्की कुठे बसलाय तेच कळत नाही.’’ जाऊन बघतो तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या खोचलेल्या. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वायरी पालटल्या, दोन मिनिटांत डग्गा घरात आला. चाळीस हजार वाचले, मला मात्र फक्त चहा मिळाला.

तुमच्याकडेही अशी शंका असेल तर एखादं जुनं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकसारखंच येणारं, भावगीत लावा. गायिका दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध ऐकू यायला हवी. ती खोलीभर तरंगत असेल तर वायरी बघा. वायरींवर खूण नसेल तर त्या अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, अधिक टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलकडे जाणाऱ्या वायरीला. वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा बाहेर सरकला तर जोडणी सुलट.

कोपरा सोडा

आपला हॉल साधारण दहा बाय बाराचा. शोकेसच्या दोन टोकांना, कोपऱ्यात दाबून बसवलेले स्पीकर आणि समोरच्या भिंतीला चिकटलेला सोफा, ही घराघरातली मांडणी. मग तक्रार येते की डग्गा घुमतो. घुमणारच! दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो आणि भिंतीलगत तो सगळ्यात जोरात असतो. म्हणजे स्पीकरही तिथेच आणि कानही तिथेच. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, ऐकायची खुर्चीही फूटभर पुढे घ्या. यापेक्षा स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

दुसरी भानगड टाइल्सची. खोलीत टाळी वाजवा. मागोमाग टणटण आलं तर तीच टणटण सतारीलाही चिकटते. सतरंजी आणि जाड पडदे यांनी बराच फरक पडतो. मी बाजूच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. बायकोने दोन दिवस पाहुण्यांना ती ‘कलाकृती’ म्हणून दाखवली, मग खरं सांगून टाकलं. पण गोधडीने डग्ग्याचं घुमणं जात नाही. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती दोन इंची फोमलाही जुमानत नाही. अंड्यांचे ट्रे तर लावूच नका. उपयोग जवळपास शून्य, आणि पुठ्ठा पेट घेतो तो वेगळाच.

गुणगुण कुठून येते?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग बिघडलं की स्पीकरमधून ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण येते, म्हणजे हार्मोनियमची पांढरी पाच, तीही किंचित चढी. तंबोरा काळी एकमध्ये लागलेला असेल तर हा आगंतुक सूर आलापात फार टोचतो. बरेच जण वैतागून प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. तेवढं कृपा करून करू नका, जिवाशी खेळ आहे. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तबकड्या वाजवायच्या टर्नटेबलची बारीक अर्थ वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडलीय का ते तपासा. जुन्या चाळीत बोर्डाला अर्थिंगच नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग संगीत.

तबकड्यांचं वेड

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, आणि जुन्या तबकड्यांसाठी पावलं चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटकडे वळतात. तिथून पिशवी भरून आणली की चुका सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे टर्नटेबल थेट ‘ऑक्स’ या साध्या इनपुटमध्ये जोडणं. सुई बसवलेल्या नेहमीच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात, शिवाय तबकडी कापतानाच खर्ज कमी आणि वरचे सूर जास्त ठेवलेले असतात. ते पूर्ववत करायला फोनो इनपुट किंवा वेगळा फोनो प्री-अ‍ॅम्प लागतो. तो नसला की आवाज चिरका आणि बारीक येतो, आणि दोष बिचाऱ्या तबकडीला.

दुसरी चूक महागात पडते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची, एलपी व्हिनाइलची. एलपीची सुई ७८च्या खाचेत तळाला घासत जाते, त्यामुळे रुंद सुई वेगळी घ्यावी लागते. आणि लाखेला अल्कोहोल चालत नाही, ती विरघळते. मी एकदा क्लीनर फिरवला आणि नाट्यगीतातली अख्खी तान कापसावर काळी होऊन आली. आजही तो बोळा आठवला की पोटात कालवतं.

पावसाळ्यात बुरशी ठरलेली. तबकड्या उभ्या ठेवा, प्लॅस्टिकमध्ये आवळून बांधू नका, आणि पत्र्याखालच्या तापणाऱ्या माळ्यावर तर मुळीच नको, वाकतात.

फाइली आणि ब्लूटूथ

इथे थोडक्यात. एमपी३चं फ्लॅक (काहीही न गमावता साठवणारी फाइल) केल्याने गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट असतो. ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या एलडॅक पद्धतीची कमाल मर्यादा ९९०, तेव्हा ‘लॉसलेस’चे, म्हणजे काहीही न गाळलेल्या आवाजाचे, पैसे भरून ब्लूटूथवर ऐकणाऱ्यांनी हिशेब करावा. इअरफोनमध्ये बेस नाही असं वाटलं तर आधी रबरी टोपीचं माप बदला. कान नीट बंद होत नसेल तर बेस गळतो, मग लोकलच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० ला फक्त चार. विरार-चर्चगेट रोज करणाऱ्याचे चार तास मंगळवारीच संपतात.

आणि खरेदी करायचीच असेल तर

लॅमिंग्टन रोडला दोन अ‍ॅम्प्लिफायर शेजारी ठेवून ऐकाल तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला कानाला ‘जास्त खुला’ वाटतो आणि आपण त्याचंच बिल करतो. दुकानातलं झगमगीत डेमोचं गाणंही नको. स्वतःच्या मोबाइलवर शंभरदा ऐकलेली मैफल न्या आणि सुरुवातीचा नुसता तंबोरा ऐका. जवारी, म्हणजे तारांची झणकार, मोकळी वाटली तर पुढे बोला, पत्र्यासारखी वाजली तर उठा. रविवारी मात्र जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.