हेडसेटच्या व्हॉल्यूमचं चाक किंवा बटण बिघडलंय? असं तपासा

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची घाई नको. आधी हेडसेट दुसऱ्या फोनला किंवा कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथे नीट चालला तर हेडसेट निर्दोष, गडबड पहिल्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये.

मग व्हॉल्यूम बदलताना स्क्रीनवर लक्ष ठेवा. आवाजाची पट्टी हलते का? पुढची वाट यावरच ठरते.

पट्टी हलते पण आवाज तेवढाच राहतो? मग गडबड बहुधा सेटिंगमध्ये आहे. विंडोजमध्ये व्हॉल्यूम मिक्सर उघडा आणि आवाज याच हेडसेटकडे जातोय ना, ते बघा. ब्लूटूथ असेल तर जोडणी काढून पुन्हा जोडा. तरीही अडलं, तर अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (एरवी लपवलेल्या जास्तीच्या सेटिंगमध्ये) ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू करून पाहा; त्याने फोनचा आणि हेडसेटचा आवाज वेगवेगळा होतो.

पट्टी हलतच नाही, म्हणजे वायरवरची बटणं मुकी असतील, तर पिन पूर्ण आत गेलीय का, ते पाहा. ही बटणं माइकच्या तारेवरून काम करतात, त्यामुळे पिनवर धातूचे भाग वेगळे करणाऱ्या तीन कड्या हव्यात; दोन कड्यांच्या जोडणीत ती चालणारच नाहीत. अँड्रॉइड फोन प्रत्येक बटण त्याच्या रोधावरून, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून, ओळखतो: आवाज वाढवायला 240 ओहम, कमी करायला 470 ओहम. आयफोनची पद्धत वेगळी, म्हणून त्याच्या हेडसेटची बटणं अँड्रॉइडवर चालली नाहीत तर तो बिघाड नव्हे.

आता चाक. खरखर येते, एकच कान वाजतो, मध्येच आवाज गायब होतो. आत कार्बनच्या दोन पट्ट्या असतात, डाव्या-उजव्या कानाची एकेक, आणि त्यांवरून धातूची टोकं घसरतात. तिथे धूळ-घाम साचला की हे सुरू होतं. हेडसेट काढून ठेवा, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. नाहीच, तर इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन थेंब चाकाच्या फटीत सोडा, पुन्हा फिरवा आणि पूर्ण वाळेपर्यंत लावू नका. खायचं तेल, अत्तर अजिबात नको. तेलावर धूळ उलट जास्त चिकटते.

चाकाला हात न लावता फक्त वायर वाकवल्यावर आवाज येत-जात असेल, तर तार आतून तुटलीय. सफाईने ती जुळणार नाही, डाग (सोल्डर) द्यावा लागेल. वॉरंटी असेल तर मात्र स्वतः उघडू नका.

कार्बनची पट्टीच झिजली असेल तर चाक बदलेपर्यंत ते पूर्ण वर ठेवून आवाज फोनवरूनच सांभाळा. पण चाक वर न्यायच्या आधी फोनचा आवाज अगदी कमी करा, आणि हेडसेट तोवर कानाला लावू नका.