बोटीला ऑटोपायलट आणि स्क्रीन बसवताय? या चुका टाळा

मासेमारीबंदीचे दोन महिने सुरू झाले की गोव्यात मालीमपासून कुटबणपर्यंत बोटी दुरुस्तीला लागतात, आणि कुणाच्या तरी केबिनमध्ये नकाशा दाखवणारी बारा इंची नवी स्क्रीन येते. ऑटोपायलटचं, म्हणजे ठरवलेल्या दिशेला सुकाणू आपोआप धरणाऱ्या यंत्राचं काय, विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘तो मागाहून बघू.’ हे आधी कळस, मग पाया झालं. सुकाणूला काय लागतं ते आधी बघा, मग दिशा देणारा सेन्सर, मग हाताखालची बटणं. स्क्रीन उरलेल्या पैशांत घ्या. विक्रेता नेमकं उलटं सांगेल, कारण दुकानात नजरेत भरते ती स्क्रीनच.

बोटीच्या फुटांवरून पंप घेणं

हायड्रॉलिक सुकाणूच्या बोटीत ऑटोपायलटचा पंप सुकाणूच्या सिलिंडरमध्ये तेल ढकलतो. म्हणून तो सिलिंडरच्या सीसीवरून निवडायचा. हा आकडा सिलिंडरच्या माहितीपुस्तकात मिळतो, आणि कोणता पंप किती सीसीपर्यंत चालतो हे पंपाच्या पुस्तकात असतं. पंप लहान पडला की सुकाणू सावकाश फिरतं. मागून आलेल्या लाटेने बोट आडवी व्हायला लागली तरी पायलट मागेच राहतो. फार मोठा घेतला तर सुकाणू हिसके देत फिरतं. बोटीचं वजन विचारलं तर बर्फ, डिझेल, जाळी आणि माणसं धरून सांगा.

‘नेटवर्क एकच आहे, मग सगळं जुळेल’

एनएमईए २००० वर, म्हणजे बोटीतली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कवर, दिशा, वेग, खोली ही माहिती एका कंपनीच्या यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते. पण ‘पायलट चालू कर, दहा अंश डावीकडे घे’ हे हुकूम बहुतेक वेळा त्या त्या कंपनीच्या खाजगी भाषेत असतात. त्यामुळे गार्मिनच्या स्क्रीनवर रेमरीनच्या सेन्सरची दिशा दिसली, म्हणून तिथूनच त्यांचा पायलटही चालेल असं धरून चालू नका. पैसे देण्याआधी दोन्ही मॉडेलचे नंबर देऊन लेखी विचारा.

सगळं टचवर सोपवणं

आग्वादच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यावर उसळी आलेली असताना ओल्या बोटाने स्क्रीन दाबून बघा. बोट घसरतं, पाण्याचा थेंबही कधी ‘स्पर्श’ ठरतो. पायलटला बटणांचं वेगळं पॅनेल हवंच: एक अंश, दहा अंश, आणि ‘स्टँडबाय’ (पायलट सोडून सुकाणू परत हातात देणारं बटण). व्हीलवर हात असताना न बघता अंगठा जाईल अशा जागी स्टँडबाय असू द्या, आणि ते कुठे आहे हे तांडेलाइतकंच खलाशालाही माहीत असू द्या. मांडवीच्या तोंडाशी तो वाळूचा पट्टा पावसाळ्यात सरकतो. स्क्रीनवरचा नकाशा जुनाच असतो, आणि नकाशावरच्या रेघेने जाणारा पायलट त्या रेघेनेच जाणार. तिथे पायलट नकोच. रात्री जाळ्यांचे तरंगणारे बोयेही त्याला दिसत नाहीत, पहारा माणसानेच द्यायचा.

स्क्रीन बघायची ती दुपारच्या उन्हात, दुकानाच्या दिव्याखाली नव्हे. व्हील उघड्यावर असेल तर स्क्रीनला १००० निटच्या (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास उजेड लागतो. पोलराइज्ड गॉगल घालून मान डावी-उजवीकडे कलवा. काही स्क्रीन एका कोनात काळ्या ठिक्कर पडतात. रात्री उजेड किती खाली जातो तेही बघा.

बोट नागमोडी चालते, मग सेटिंग बदलत बसणं

तक्रारींमध्ये ही पहिली. लोक मेन्यूतली संवेदनशीलता वर-खाली करत राहतात. आधी सेन्सर तपासा. बोट जेटीला घट्ट बांधा, दिशेचा आकडा समोर ठेवा आणि एकेक वस्तू चालू करा: वायपर, पंखा, व्हीएचएफ रेडिओ, दिवे, पंप. आकड्याने चार-पाच अंशांची उडी मारली की चोर सापडला. काही चालू न करताही आकडा चुकीचा असेल तर आसपासचं लोखंड शोधा. सेन्सरला लागून असलेल्या कप्प्यात पान्यांची पेटी, पलीकडे स्पीकरचं चुंबक, खाली नांगराची साखळी. हे ‘तिथं पडलेलं’ सामान कुणी मोजतच नाही. गोव्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जेमतेम एका अंशाच्या आसपास आहे, त्यामुळे बारा अंशांची चूक पृथ्वीच्या माथी मारता येत नाही. सेन्सर ठीक निघाला तर व्हील हाताने फिरवा. मऊ, दबकं लागलं तर तेलात हवा आहे, ती काढा. संवेदनशीलतेला हात शेवटी लावायचा.

बारीक वायर

पंपाने जोर घेतला की स्क्रीन बंद होऊन परत सुरू होते? दोष बहुधा वायरमध्ये असतो. पंप १५ अँपिअर घेत असेल आणि बॅटरीपासून ६ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं होतं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तिथे जवळपास सव्वा व्होल्ट गळतो, १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत साधारण ०.३. वायर कथिलाचा मुलामा असलेलीच घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं. पंपाची लाइन आणि स्क्रीनची लाइन वेगळ्या फ्यूजवर ठेवा.

नेटवर्कवरची यंत्रं मधेच गायब होत असतील तर वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेत मीटर लावा. ६० ओहमच्या आसपास आकडा हवा. १२० आला तर मुख्य तारेच्या दोन टोकांना लावलेल्या टर्मिनेटरपैकी (रोधकांपैकी) एक निसटलाय किंवा मुख्य तार मधे तुटली आहे. मुख्य तारेपासून यंत्रापर्यंतची शाखा ६ मीटरपेक्षा लांब नको.

बसवून झाल्यावर सेन्सरच्या कॅलिब्रेशनसाठी (त्याची दिशा बरोबर जुळवण्यासाठी) शांत पाण्यात सावकाश गोल फेऱ्या माराव्या लागतात. बंदीच्या काळात बाहेर समुद्र खवळलेला, म्हणून हे काम झुआरीच्या रुंद पात्रात करा, भरती-ओहोटी फिरताना पाणी स्थिरावतं तेव्हा. पुलापासून आणि नांगरलेल्या लोखंडी बार्जपासून लांब राहा, नाहीतर सेन्सर त्यांचंच लोखंड धरून बसतो.