माणुसकीची भिंत सुरू करताय? आधी या चुका टाळा

उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले, कपड्यांनी भिंत झाकून गेली. पंधरा दिवसांनी भिंतीखालच्या ढिगात एक कुत्री व्याली. तोवर त्या कपड्यांचा सगळ्यात जास्त उपयोग तिलाच झाला असावा.

भिंतीची कल्पना आपली नाही. २०१५ च्या थंडीत इराणमधल्या मशहद शहरात कुणीतरी भिंतीवर खुंट्या ठोकल्या आणि लिहिलं, नको असेल तर ठेवून जा, हवं असेल तर घेऊन जा. तिथून ती पसरत आपल्याकडे आली आणि 'माणुसकीची भिंत' झाली. आमची भिंत सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या गावात आहे. पहिल्या वर्षी ती जवळजवळ बंद पडली होती. का, ते सांगते.

ढीग साचतोय, घ्यायला कुणी येत नाही

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा दोष जागेचा असतो. आम्ही भिंत मुख्य चौकात केली, कारण तिथे सगळ्यांना दिसते. पण सगळ्यांना दिसते म्हणजे घेणाराही सगळ्यांना दिसतो. शेजारी चहाची टपरी, तिथे दिवसभर दहा-बारा माणसं बसलेली. त्यांच्यासमोर हात वर करून हँगरवरचा शर्ट कोण काढेल? पुढे आम्ही आठवडी बाजाराच्या मागच्या बोळातली एक भिंत मालकाला विचारून घेतली. तिथे एक दिवा लावला. बाजार उठताना, अंधार पडता पडता बायका येतात, पिशवीत घालून निघून जातात.

दुसरा दोष फलकाचा होता. गाडगेबाबांच्या दशसूत्रीतली 'उघड्यानागड्यांना वस्त्र' ही ओळ आम्ही मोठ्या अक्षरांत रंगवली होती, खाली देणगीदारांची नावं. ओळ थोरच आहे, पण ती देणाऱ्यानं मनात ठेवायची. तिच्याखाली उभं राहून कपडा घेणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतोय, हे आमच्या लक्षातच आलं नाही. बाबा स्वतः कीर्तनाआधी गाव झाडून काढायचे आणि मग बोलायचे. आम्ही बोलायलाच आधी सुरुवात केली. आता फलकावर 'हवं ते घ्या' एवढंच आहे. फोटो पूर्ण बंद. ग्रुपवर टाकायचाच असेल, तर रिकाम्या खुंट्यांचा टाका.

तिसरी चूक वहीची. आमच्यातल्या एका काकांनी हिशेब हवा म्हणून घेणाऱ्याचं नाव-गाव लिहायला वही ठेवली. त्या दोन आठवड्यांत फक्त दोन नावं आली. त्यातलं एक काकांचंच, नमुन्यादाखल.

कपडे आहेत, पण उपयोगाचे नाहीत

इथे जरा थांबते, कारण आम्ही सगळ्यात जास्त इथेच शिकलो.

दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड माणसं येतात, कारखान्याभोवती त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही साड्या गोळा केल्या. जरीच्या, जॉर्जेटच्या, लग्नात आहेरात आलेल्या आणि नंतर कुणी न नेसलेल्या. सोबत ब्लाउज. (दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज कुणाला बसलाय का कधी? तरी लोक देतात.) एका संध्याकाळी एक बाई सगळ्या साड्या हातानं बाजूला सारत शेवटपर्यंत गेली आणि मला म्हणाली, "ताई, फुल्ल बाह्याचा शर्ट न्हाई का एखांदा? गड्याचा चालंल."

मी म्हटलं, मालकांसाठी का? तिनं हात पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक चिरा, काही ताज्या, काही काळ्या पडलेल्या. उसाचं पातं कापतं. म्हणून तोडणाऱ्या बाया साडीवरून पुरुषांचा शर्ट घालतात. रस्त्यानं जाताना मी हे हजार वेळा पाहिलं होतं आणि एकदाही 'का' असं विचारलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही आधी विचारतो, मग गोळा करतो. तोडणाऱ्यांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला विचारू नका, तो 'काहीही द्या' म्हणतो. बायकांना विचारा. फुल बाह्यांचे शर्ट, मुलांचे स्वेटर, झोळीला आणि अंथरायला सुती साड्या, टॉवेल, हे कधी पडून राहत नाही. पांढरं काही टिकत नाही.

ही चूक फक्त आमचीच नव्हे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत कपड्यांचे डोंगर रस्त्याकडेला पडून राहिले, कारण पाठवणाऱ्यांनी आपलं कपाट रिकामं केलं होतं, समोरचा काय नेसतो हे पाहिलं नव्हतं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'गूंज' ही संस्था तेव्हा ते कपडे निवडायला बसली. त्यांचं काम पाहिलं तर कळतं की गोळा करणं सोपं असतं, खरा वेळ निवडण्यात जातो. शिवाय त्यांच्याकडे कपडा फुकट दिल्यासारखा देत नाहीत. गाव विहीर उपसतं, रस्ता दुरुस्त करतं आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतं.

निवडीसाठी आमची कसोटी एकच: हा कपडा मी माझ्या भावजयीला देऊ शकेन का? लाज वाटली तर बाजूला. बाजूचे सुती कपडे गोधडी शिवणाऱ्या आजींकडे जातात, चिंध्या गॅरेजवाले पुसायला नेतात. आणि भिंतीखाली पेटी ठेवू नका. पेटीत लोक रात्री एक चप्पल, फाटके मोजे, वापरलेली अंतर्वस्त्रं टाकून जातात. आम्ही रविवारी सकाळी दहा ते बारा हातात घेतो. समोर माणूस असला की देणारा धुऊन, बटणं लावून आणतो.

रातोरात सगळं गायब होतंय

आमच्या ग्रुपवर यावर तीन दिवस भांडण झालं, कॅमेरा लावायची भाषाही झाली. जुन्या कपड्यांना बाजार आहे, हे आपल्याला बोहारणीमुळे माहीत असायलाच हवं. कपडे देऊन पातेलं आपण घेतलंच आहे. कुणी गाठोडं बांधून विकत असेल तर मला त्याचा फार राग येत नाही. वीस रुपयांसाठी रात्री कपडे वेचणारा काही सुखवस्तू नसतो. पण बाकीच्यांना मिळावं म्हणून एका वेळी पंचवीस-तीसच कपडे लावा, उरलेले कपाटात. आमचा प्रश्न तेवढ्यावर मिटला.

जेवणही ठेवू का?

नका ठेवू. उघड्यावरच्या भाताचं काय होतं ते सांगायला नको, आणि कुणाला बाधलं तर सगळंच बंद पडेल. उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे वेगळे नियम आहेत, त्यात नोंदणी लागते. ते झेपणार असेल तरच हात घाला. लग्नातलं उरलं तर तासाभरात गरम असतानाच थेट वस्तीवर पोचवा.

पावसाळ्यात काय?

बंद. जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत खुंट्या रिकाम्या, तसा फलक लावून. भिजलेले, बुरशी आलेले कपडे दिसले की लोक भिंतीला उकिरडा समजायला लागतात आणि मग ती सवय मोडत नाही. जूनच्या सुरुवातीला मात्र शाळेचे गणवेश आणि दप्तरं यांची एक फेरी करून घ्या.

आमच्याकडे कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन झालं, म्हणजे ऊस गाळपाच्या हंगामासाठी बॉयलर पेटला, की ग्रुपवर मेसेज जातो: फक्त शर्ट, फुल बाह्या, गडद रंग, साड्या नकोत. तरी पाच-सहा जणी साड्याच घेऊन येतात. घेतो आम्ही. आजींच्या गोधड्यांना जरीचा काठ छान दिसतो.