बिजागरीच्या खाचेचे गोल कोपरे: पटाशी कोणती घ्यावी, कशी चालवावी

राउटरने (बिट, म्हणजे कापणारं पातं, फिरवून खाच पाडणाऱ्या यंत्राने) मारलेली बिजागरीची खाच तळाला सपाट येते, भिंतींना सरळ येते, पण आतले दोन कोपरे गोल राहतात. बिट गोल फिरतं, त्यामुळे त्याच्या निम्म्या व्यासाएवढी गोलाई सुटणारच. बाजारातल्या बहुतेक पितळी आणि स्टीलच्या बिजागऱ्यांची पानं मात्र काटकोनी असतात. खाचेची एक बाजू दाराच्या कडेला उघडी असते, म्हणून एका खाचेत दोनच कोपरे साफ करायचे. तीन बिजागऱ्यांचं दार असेल तर दारावर तीन खाचा, चौकटीवर तीन, म्हणजे एकूण बारा कोपरे. एवढ्यासाठी अवजारांची पेटी विकत घ्यायची गरज नाही. पाऊण इंची आणि अर्धा इंची अशा दोन बऱ्या पटाश्या, हलकी हातोडी आणि धार लावायची सोय पुरते.

पटाशीच्या आधी बिट बघा. अर्धा इंची बिट दोन सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गोलाई सोडतं. कोपऱ्याच्या टोकापासून गोलाईपर्यंत तिरकं मोजलं तर 2.6 मिमी लाकूड उरतं. 19 मिमीच्या बिटाने हेच जवळपास 4 मिमी होतं, आणि 6 मिमीच्या बिटाने जेमतेम 1.2. ट्रिमरवर (लहान राउटरवर) खाच मारणार असाल तर 6 मिमीचं बिट घ्या, पटाशीचं काम निम्म्याहून कमी होईल. फक्त दांडी तपासून घ्या. पाव इंची दांडी 6.35 मिमीची असते, ती 6 मिमीच्या कॉलेटमध्ये (बिटाची दांडी पकडणाऱ्या भागात) ठोकून बसवू नका. आणि पाव इंची कॉलेटमध्ये 6 मिमीची दांडी नीट आवळली जात नाही, बिट चालू असताना खाली सरकतं आणि खाच खोल जाते.

रुंद पटाशी का

कोपरा लहान, म्हणून पटाशीही लहान हवी असं सहज वाटतं. इथेच बहुतेकांची चूक होते. राउटरने केलेली सरळ भिंत हीच पटाशीची पट्टी. पटाशीची सपाट पाठ त्या भिंतीला टेकवली की धार आपोआप त्याच रेषेत गोलाईवर येते. दोन सुतांच्या गोलाईवर पाऊण इंची पटाशी ठेवली तर तिची सहा मिमी धार कापते आणि उरलेली बारा-तेरा मिमी भिंतीला टेकून राहते. खाच अडीच-तीन मिमीच खोल असली तरी तेवढा आधार पुरतो. पाव इंची पटाशी घेतलीत तर तिला टेकायला काहीच उरत नाही. ती नजरेच्या अंदाजाने चालते आणि भिंत कोपऱ्याजवळ आत नाहीतर बाहेर जाते.

एक इंची पटाशी लांब भिंतीवर आणखी छान बसते, पण आखूड भिंतीवर अडचण होते. 32 ते 35 मिमी जाडीच्या दारात आखूड भिंत साधारण 25 ते 28 मिमीच असते, त्यातली दोन सूत गोलाईत जातात. म्हणून एकच घ्यायची तर पाऊण इंची. अर्धा इंची तळ साफ करायला लागते.

किकरे या कामाला नको. ते खोल खोबणीसाठी असतं, जाड असतं आणि पाचरीसारखं लाकूड ढकलतं. लांब, पातळ, नुसत्या हाताने चालवायच्या पटाशीचीही गरज नाही. कडेला उतरत्या बाजूंची पटाशी महाग मिळते. काटकोनी कोपऱ्यात जाड चौकोनी बाजूची पटाशीही तितकीच पोचते, त्यामुळे केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

कोपऱ्याची खास पटाशी, म्हणजे एल आकाराची, दिसायला फार आकर्षक असते. स्प्रिंगवाली तर कोपऱ्यात अडकवून वर एक ठोका दिला की झालं. रोज आठ-दहा दारं लावणाऱ्याला तिचा उपयोग आहे. पण तिचे पंख गोलाईपेक्षा लांब असावे लागतात, नाहीतर ती सरळ भिंतीला टेकतच नाही. तिचा आतला ढाळ, म्हणजे धारेकडे उतरणारी तिरकी बाजू, सपाट दगडावर लागत नाही, त्रिकोणी दगड लागतो, आणि आतला कोन थोडा जरी बिघडला तरी प्रत्येक कोपरा बिघडतो. शिवाय ती आडव्या आणि उभ्या तंतूंवर एकदमच घाव घालते. सागवानाच्या सुक्या दारात हे का वाईट, ते पुढे येतं.

तिसरा मार्ग म्हणजे कोपरे सोडून बिजागरीच कानशीने गोल करायची. कोपरे तिथेही बाराच, आणि मुलामा दिलेल्या पानाची कड उघडी पडते. खारं वारं लागणाऱ्या घरात तिथूनच डाग सुरू होतो. साध्या पितळेला चालेल, एरवी नको.

दुकानात काय बघायचं

म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात जाताना सहा इंची स्टीलची पट्टी आणि लहान गुण्या खिशात ठेवा. पटाशीची पाठ वर करून धारेजवळच्या पहिल्या इंचावर पट्टी उभी ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा. मधे किंचित फट दिसली तर चालेल, घासून जाते. कडांना फट आणि मधे फुगवटा असेल तर ती पटाशी परत द्या. फुगीर पाठ भिंतीवर डुलते आणि ती सपाट करण्यात संध्याकाळ जाते. मग धार बाजूला काटकोनात आहे का ते गुण्याने बघा. तिरकी असेल तर एक टोक आधी तळाला लागतं आणि दुसऱ्या टोकाला तंतू तुटायचे राहतात. धारेला निळसर झाक दिसली तर ग्राइंडरवर पोलाद तापून नरम पडलं आहे असं समजा.

नवी पटाशी दुकानातून आणल्या आणल्या वापरायची नसते. जाड काचेवर ओला 220 नंबरचा वॉटर पेपर ठेवून पाठीचा पहिला इंच घासा, मग 400, मग 1000. आरशासारखी चमक हवी ती त्या इंचावरच. ढाळ 25 अंशांचा ठेवून अगदी टोकाला 30 अंशांची बारीक धार काढा. धार तयार आहे की नाही ते आडव्या तंतूंवर कळतं. मऊ लाकडाच्या टोकावर दाबून बघा. तंतू चिरडून पांढरे पडले तर अजून वेळ आहे, चकचकीत काप आला तर झालं.

कोपरा काढताना

दार आडवं, कड वर करून पक्कं बांधा. बिजागरी खाचेवर ठेवून धारदार कटरने दोन्ही कोपऱ्यांची रेघ मारा. पेन्सिलीची रेघ जाड पडते. कटरची रेघ पटाशीच्या धारेला जागा दाखवते आणि वरचे तंतू उसवू देत नाही.

पहिला घाव आखूड भिंतीच्या रेषेत, म्हणजे तंतूंच्या आडवा. पाठ भिंतीला, ढाळ खाचेच्या आतल्या बाजूला, पटाशी सरळ उभी. दोनशे ग्रॅमच्या आसपासच्या हातोडीचे दोन-तीन हलके ठोके पुरतात; मोठी मोगरी नको. एकदम तळापर्यंत जाऊ नका. एक-दीड मिमी गेल्यावर थांबा.

आता लांब भिंत. ही तंतूंच्या दिशेने जाते आणि तिच्या पलीकडे दाराच्या दर्शनी बाजूची पट्टी बहुधा पाच-सात मिमीचीच उरलेली असते. इथे ठोका दिला की पटाशी पाचर होते आणि ती पट्टी चिरते, तीही रंग झालेल्या बाजूने. म्हणून इथे हातोडी बाजूला. तळहाताने दाबा, पटाशी किंचित डोलवत न्या. आडवे तंतू आधी तोडलेले असल्यामुळे चीर कोपऱ्याच्या पुढे पळत नाही. क्रम उलटा केला तर पळते.

मग अर्धा इंची पटाशी तळाला सपाट टेकवून, पाठ खाली ठेवून, सुटलेला तुकडा उघड्या बाजूकडून आत ढकलत काढा. पुन्हा आडवा घाव, पुन्हा दाब, पुन्हा साफ. दोन फेऱ्यांत कोपरा तळाला भिडतो. कोपऱ्यात चिरडलेल्या तंतूंचा बोळा साचतो. तो दिसत नाही, पण पान त्यावर टेकतं आणि बिजागरी डुलते. कटरच्या टोकाने खरवडून काढा. भिंत तळाशी केसभर आत गेली तर हरकत नाही, वरून दिसत नाही. उलट, तळाशी लाकूड राहिलं तर पान बसणारच नाही.

हात बसेपर्यंत दोन इंची चौकोनी ठोकळा, बाजू काटकोनात रंधलेला, रेघेवर क्लॅम्पने आवळून त्याला पटाशीची पाठ टेकवा.

लाकूड बदललं की हातही बदलतो. सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते. चार-पाच कोपऱ्यांनंतर 1000 च्या पेपरवर दोन-चार हात मारा. फणसाचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात, तळ साफ करताना उलटे उपटतात, तिथे एकाच जोरात न काढता कागदासारखे पापुद्रे काढा. माट्टी, म्हणजे ऐन, जड आणि कडक, तिला 30 ऐवजी 33-35 अंशांची धार टिकते. फ्लश डोअरच्या कडेची पट्टी अरुंद असेल तर खाच आतल्या थरांपर्यंत जाते. तिथला डिंक धार खातो. डब्ल्यूपीसीच्या (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) चौकटीला तंतूच नाहीत, ठोकलं तर टवका उडतो, म्हणून नुसतं तासायचं.

पान खाचेत बोटाने दाबून बसलं पाहिजे, हातोडीने नाही.   पावसाळ्यात, गणेश चवथीच्या आधी दारं अडकायला लागतात तेव्हा दोष बिजागरीला दिला जातो, पण बऱ्याचदा दाराची कडच फुगलेली असते. खाच चुकून खोल गेली असेल तर पानाखाली लॅमिनेटचा पातळ तुकडा घाला. पितळी स्क्रू लावण्याआधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून एकदा फिरवून काढा, नाहीतर सागवानात पितळेचं डोकं तुटतं.

काम संपल्यावर पटाशी पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पाठीवर फिरवा. जून ते सप्टेंबर ती चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि गंज नेमका त्या घासून चमकवलेल्या इंचावरच चढतो.