‘शतरंज के खिलाडी’ बघताना या चुका टाळा (शक्यतो माझ्यासमोर तरी)

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका मित्राच्या गच्चीवर आम्ही अधूनमधून पिक्चर लावतो. भिंतीवर पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, परातभर भडंग. सत्यजित राय यांचा 1977 चा ‘शतरंज के खिलाडी’ तीनदा लावला आणि तिन्ही वेळा त्याच चुका बघितल्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आऊट्रमच्या बाजूनं हसणं. लखनौचा हा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला माणूस, अवधच्या नवाबाची, वाजिद अली शाहची, दिनचर्या काढून बसतो. गातो काय, नाचतो काय, कविता करतो, पतंग उडवतो. गच्चीवर हशा. मागनं आवाज आला, “राजाच असला म्हटल्यावर राज्य जाणारच की!” अरे, 1856 मध्ये अवध घशात घालताना कंपनीनं हेच तर सांगितलं! तिनं 1801 च्या तहात निम्मा मुलूख आधीच उपटला होता, तैनाती फौज बसवली होती, वर आपल्या लढायांसाठी नवाबांकडूनच कर्ज काढलं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीनं तर 1851 मध्येच लिहून ठेवलंय की ही चेरी एक दिवस आपल्या तोंडात पडणार. राय सुरुवातीलाच कार्टून करून ती चेरी दाखवतात. पण त्या वेळी आमची मंडळी भडंगात कांदा जास्त झाला की कमी, यावर बोलत असतात.

त्यात मित्राचा भाचा स्पर्धा परीक्षेवाला. त्यानं अंधारातच पाठ म्हणून टाकला, “दत्तक वारस नामंजूर! सातारा 1848, नागपूर 1854, अवध 1856.” माझं डोकं फिरलं. पिक्चर थांबवला, लाईट लावला. बाबा रे, वाजिद अलीला पोरांची काय कमी होती? सातारा, नागपूर वारसावरनं गेलं, अवध गैरकारभाराचा ठपका ठेवून. म्हणून तर त्याच्या नाचण्याची एवढी चौकशी! वीस मिनिटं बोललो. परत सुरू केलं तेव्हा नऊ जणांतले चार उरले होते आणि भडंग सादळलं होतं.

म्हणजे दुसरी चूक माझी. मध्येच थांबवून शिकवायचं नाही. आता भडंग कालवतानाच पाच मिनिटांत सांगून टाकतो. 1857 च्या उठावानंतर आपल्या चिमासाहेबांना, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या भावाला, इंग्रजांनी कराचीला धाडलं. वाजिद अली त्याच्या आदल्या वर्षी राज्य गमावून कलकत्त्याला गेला आणि तिथंच 1887 मध्ये वारला. चिमासाहेब चौकातनं रोज गाडी काढणाऱ्याला एवढं पुरतं. दहा मिनिटांत अख्खा इतिहास सांगणारे व्हिडिओ बघून येऊ नका. त्यातनं तारखा मिळतात, भाच्यासारख्या.

बुद्धिबळाचा विनोद तर आपल्याकडे हमखास हुकतो. पिक्चरमधले मीर आणि मिर्झा हे बुद्धिबळाचं वेड लागलेले दोन लखनवी सरदार. मुन्शी येऊन त्यांना सांगतो की इंग्रजांच्या पटावर वजिराच्या जागी राणी असते, प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, डाव पटकन संपतो. प्रेक्षक ढिम्म. कारण आपण खेळतो इंग्रजी नियमांनी, पण म्हणतो अजून वजीरच. त्यामुळे नवं काय सांगितलं, तेच कळत नाही. आणि ते निसटलं की शेवटी कंपनीची फौज लखनौकडे गेल्यावर हे दोघं इंग्रजी पद्धतीनं डाव मांडतात, वजिराला उठवून मलिका विक्टोरियाला बसवतात, तेही निसटतं. माझी सवय साधी आहे. पिक्चरच्या आधी पट मांडून ठेवतो.

“लढाई कधी आहे?” नाही. फौज येते, लढाई होत नाही. तीच तर गंमत.

पिक्चर ज्यावर बेतलाय ती प्रेमचंदांची कथा वाचून आलेल्यांनी शेवटासाठी ताटकळू नये. कथेत दोघं एकमेकांना मारतात, इथं नाही.

मोबाईल खिशात.

तिसऱ्या वेळी पिक्चर संपल्यावर भाचा पट घेऊन बसला. मोहरी लावता लावता थांबला आणि म्हणाला, “मामा, हा वजीर म्हणू का राणी?”

“मांड गप,” म्हटलं. पांढरी माझी होती.