फोल्डर उघडत नाही? आधी आयपी पाहा

घोडबंदर रोडच्या टू-बीएचकेत हे हमखास दिसतं: हॉलमध्ये फायबरवाल्याचा राउटर आणि आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून लावलेला दुसरा. मग शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवर उघडत नाही आणि खापर फुटतं बिचाऱ्या पासवर्डवर.

दोन्ही लॅपटॉपवर वायफाय सेटिंगमध्ये आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवरचा त्या लॅपटॉपचा आयपी क्रमांक) बघा. एकीकडे १९२.१६८.१.५ आणि दुसरीकडे १९२.१६८.०.७ असेल, तर बहुधा नेटवर्कच वेगळी आहेत. आतला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता हॉलमधल्याचंच पुढे देईल. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा.

पीसीचे गेम वायफायवरून व्हीआर हेडसेटवर (डोळ्यांवर चढवायच्या आभासी पडद्यावर) खेळता आणि ते अडखळतात? नव्या हेडसेटला पैसे घालण्याआधी पीसी केबलने राउटरला जोडा, हेडसेट त्याच राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर घ्या. अडखळणं बऱ्याचदा तिथेच थांबतं.