जुनी केबिन, नवी चेसिस: कापाकापीआधीची तयारी

जुन्या ट्रकची केबिन नव्या चेसिसवर, म्हणजे गाडीच्या चाकं-इंजिनासकट सांगाड्यावर, चढवायच्या या कामाचा एकच नियम आधी ठरवून घ्या आणि शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा: केबिन चेसिसवर बसवायची, केबिनसाठी चेसिस कापायची नाही. जुन्या ट्रकचं सौंदर्य त्याच्या तोंडात असतं, म्हणजे बॉनेटचा फुगवटा, जाळी, मडगार्डांची गोलाई आणि दरवाज्याची रेष यांत. ते सगळं जिवापाड जपा. त्याखालचं चाक, ब्रेक, स्टेअरिंग आणि इंजिन मात्र एकाच नव्या गाडीचं, कारखान्यातून जसं आलं तसंच एकत्र राहू द्या. पुढची सगळी तयारी या एका निर्णयातून निघते.

पहिली तयारी कागदांची, आणि ती केबिन विकत घेण्याआधीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘विंटेज म्हणून नोंदवू’ ही आशाही सोडा. जुलै 2021 च्या नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो खरा, पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आपल्या ट्रकमध्ये तर तेच बदललेलं असणार.

मग मार्ग दोन उरतात. एक, गाडी खाजगी जागेतच ठेवायची: काजूच्या बागेत, प्रदर्शनात, हॉटेलच्या आवारात. दुसरा, रस्त्यावर आणायची. त्यासाठी कंपनीकडून केबिनशिवाय येणारी कावल चेसिस घेऊन ट्रक बॉडीच्या एआयएस-093 या मानकानुसार केबिनची मंजुरी मिळवावी लागेल. हा मार्ग लांबचा आणि खर्चिक आहे. 3.5 टनांवरच्या आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या ट्रकांच्या केबिनला एसीही बंधनकारक आहे, म्हणजे जुन्या डॅशबोर्डमागे त्याची जागा आधीच शोधायला हवी. कुठला मार्ग धरणार ते वाहतूक खात्याला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. आणखी एक गोष्ट: जुन्या केबिनवर ‘जीडीए’ची, म्हणजे गोव्याच्या जुन्या नोंदणी क्रमांकाची पाटी किंवा जुनी चेसिस-प्लेट असेल तर ती भिंतीवर टांगा, नव्या चेसिसवर चुकूनही ठोकू नका. तो सरळ गुन्हा आहे.

आता केबिन. गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या खाणपट्ट्यात, फोंड्याच्या जुन्या गॅरेजांमागे किंवा भंगारात जे मिळेल ते कुळाने ओळखा. कुर्ल्याच्या प्रीमियरचे डॉज आणि फार्गो, हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड, 1954 पासून जमशेदपूरला बनू लागलेले टाटा-मर्सिडीज. पत्र्यातली भोकं पाहून घाबरू नका, सपाट पत्रा कुठलाही चांगला मेस्त बनवून देतो. न बनणाऱ्या वस्तू वेगळ्या: दरवाज्याच्या बिजागऱ्या, काच वर-खाली करण्याची यंत्रणा, हँडलं, जाळी, बॉनेटची साच्यातली वळणं. या पूर्ण असतील तर गंजकी केबिनही घ्या. या नसतील तर चकचकीत केबिनही सोडा. सोबत लोहचुंबक न्या आणि पत्र्यावर फिरवा. तो जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली आहे. केबिनच्या जमिनीचे कोपरे, दरवाज्याच्या खांबाचे पाय, केबिन चेसिसला बसते त्या जागा आणि छताची पन्हळ ही गंजाची चार घरं, तिथे पेचकस टोचून पाहा. समोरची काच सपाट दोन तुकड्यांची असेल तर लॅमिनेटेड शीटमधून कापून मिळते. वक्र काच फुटलेली असेल तर ती केबिन घेण्याआधी रात्रभर विचार करा.

चेसिसची निवड केबिन हाती आल्यावरच करा, आधी नाही. इथे बहुतेकांचा डोळा टाटा 407 वर जातो, कारण ती सगळीकडे मिळते आणि तिचं इंजिन गावातला कुठलाही मेकॅनिक जाणतो. पण 407 अर्धी-पुढे बसणारी गाडी आहे. तिचं इंजिन थोडं केबिनमध्ये शिरतं. लांब नाकाच्या केबिनला इंजिन पूर्ण पुढे हवं, म्हणून लहान केबिनसाठी बोलेरो पिकअप किंवा टाटा 207 अशी नाकवाली गाडी जास्त जुळते. मोठ्या केबिनला मोठीच चेसिस लागेल, आणि तिथे इंजिन कुठवर आत येतं ते पाहून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, नव्याने घडवायची तयारी ठेवावी लागेल.

मापं घेण्यात घाई करू नका. मला विचाराल तर पूर्ण कामाचा अर्धा जीव इथे आहे. केबिन घोड्यांवर (आधाराच्या स्टँडांवर) समपातळीत ठेवा, ओळंबा सोडा आणि प्रत्येक महत्त्वाचा बिंदू जमिनीवर खडूने उतरवा: फायरवॉल, दोन्ही बिजागऱ्या, मागची भिंत, केबिनच्या चारही बैठका, पुढच्या मडगार्डच्या कमानीचा मध्य. तसंच चेसिसचं करा: पुढच्या चाकाचा मध्य, रेल्सची (चेसिसच्या दोन लांब तुळयांची) बाहेरची रुंदी, इंजिनाचा सर्वांत उंच भाग, रेडिएटरचा पुढचा चेहरा, स्टेअरिंग बॉक्स, गिअरचा दांडा. मग दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवा. पुढचं चाक मडगार्डच्या कमानीच्या मधोमध यायलाच हवं, ते दोन इंचांनी सरकलं तरी गाडी बघताक्षणी बेंगरूळ दिसते. ते जुळवायला केबिन पुढे-मागे सरकवा, पण ॲक्सल जागचा हलवू नका. तरीही जुळत नसेल तर ती चेसिस आपली नाही, दुसरी शोधा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मूळचाच राहिला की प्रोपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, ब्रेकच्या नळ्या वाढवाव्या लागत नाहीत, पाटेही कंपनीच्या हिशेबातच काम करतात. दोन चाकांमधली रुंदीही पाहा. जुनी मडगार्डं अरुंद असतील तर नव्या ॲक्सलचे टायर बाहेर डोकावतात.

केबिन उचलण्याआधी आतून चौकोनी पाइपचे तिरके आधार टॅक करा, दरवाजे जागेवर लावून. जमिनीचा गंजका पत्रा आधी कापला आणि आधार नंतर दिले, तर दरवाज्यांच्या फटी पुन्हा कधी सारख्या होत नाहीत. दोन्ही कर्ण मोजा. फरक एका सुताच्या आत असू द्या.

बैठका बनवताना चेसिसच्या रेलला मान द्या. रेलच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, उभ्या बाजूलाच, आणि शक्यतो कंपनीच्या भोकातूनच बोल्ट घ्यायचा. रेलवर वेल्डिंग नको. त्या पोलादाची ताकद उष्णतेने जाते आणि तडा वेल्डिंगच्या कडेलाच सुरू होतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात चेसिस सतत पिळवटते. तो पीळ केबिनपर्यंत पोचू नये म्हणून प्रत्येक बैठकीत जाड रबर हवं. कडक बोल्टने आवळलेल्या केबिनची काच पहिल्याच पावसाळ्यात तडकते.

स्टेअरिंग आणि ब्रेक यांत जुगाड अजिबात नको. जुना कॉलम म्हणजे अपघातात छातीकडे येणारी सरळ सळी. तो शोभेला ठेवा आणि धडकेत आत दुमडणारा नव्या गाडीचा कॉलम बसवा. मध्ये दोन क्रॉस (दांड्याला वळण देणारे सांधे) आले तर त्यांची तोंडं एका रेषेत हवीत. तीन आले तर दांड्याला बेअरिंगचा आधार हवा. ब्रेकचं पेडल, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) आणि मास्टर सिलिंडर एकाच गाडीचे घ्या. डिझेल इंजिनात बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तो इंजिनासोबत आला आहे का ते विकत घेतानाच पाहा. बूस्टर ज्या पत्र्यावर बसेल त्याला मागून जाड प्लेट द्या, नाहीतर पेडल दाबल्यावर फायरवॉलच वाकते.

वायरिंगबद्दल थोडक्यात. 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अनेक अमेरिकन गाड्या 6 व्होल्टच्या होत्या, काहींचं तर अर्थिंग पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं. जुनी एकही वायर वाचवू नका. इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे संगणकावर चालणारं डिझेल, असेल तर त्याच गाडीचा पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा), ईसीयू (इंजिनाचा संगणक), किल्ली आणि ॲक्सिलरेटर पेडल सोबत घ्या, वेगवेगळ्या भंगारातून गोळा करू नका. वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयूचा प्लग काढलेला असावा. बीएस-6 इंजिनाचा सायलेन्सर काजळी जाळताना 600 अंशांच्या आसपास तापतो, त्यामुळे लाकडी तळाच्या हौद्यापासून तो लांब ठेवा. रेडिएटर आणि इंटरकूलर जुन्या जाळीमागे बसतात का हे पुठ्ठ्याचा नमुना कापून तपासा.

गोव्यात या कामाचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. चवथ झाली, मेस्त लोक कामावर परतले की सुरुवात करा आणि मिरगाआधी उघडा पत्रा प्रायमरखाली गेलाच पाहिजे. खाऱ्या हवेत घासलेला पत्रा रात्रभरात तांबूस होतो, म्हणून सकाळी घासाल तेवढ्यालाच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर मारा. मांडवी-जुवारीच्या काठी बार्जचं सँडब्लास्टिंग करणारे आहेत, पण त्यांचा हात जाड प्लेटला सरावलेला असतो. 18 गेजचा पत्रा, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर, त्या माऱ्याने लहरी होतो. चेसिस आणि कंस त्यांच्याकडे द्या, केबिन मात्र हाताने आणि रसायनाने साफ करा. दरवाज्यांच्या आणि खांबांच्या पोकळीत मेण फवारा, आणि तळाची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

रंगाआधी संपूर्ण गाडी एकदा जोडा, आसनं, काचा, हौदा, फाळके यांसकट. वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला आणि आकडे कंपनीच्या मर्यादेशी ताडा. खाजगी जागेत रिकामी आणि मग वाळूची पोती भरून चालवा, ब्रेक एका बाजूला ओढतात का पाहा, पूर्ण वळवलेलं चाक मडगार्डला घासतं का पाहा. यू-बोल्ट आणि केबिनचे बोल्ट पुन्हा आवळा, एक आठवडा थांबा, पुन्हा आवळा. सगळे आवाज बंद झाले की गाडी उलगडा, प्रत्येक पेटीवर चिठ्ठी लावा, आणि मगच पेंटरला बोलवा.